सुई शून्यावर आहे

"करंट मीटरापर्यंत न्यायचाच न्हाई म्हणतोस," अण्णा म्हणाले, "मग मीटर दाखवणार काय? कपाळ?"

भाचा हसला. मला हसू आलं नाही, कारण जीप माझी होती आणि तिच्यावर जाणारे पैसेही माझेच. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या अण्णांच्या शेडमध्ये ती बॉनेट वर करून उभी होती. 1968 सालची, पेट्रोलवरची, वडिलांनी शेतासाठी घेतलेली. डॅशबोर्डचा पत्रा सोडवून चाकाला टेकवलेला, आणि त्यातला ॲमीटर अण्णांच्या तळहातावर. समोरून पाहिलं तर त्याला काही झालेलं नाही. काळी तबकडी, मधोमध शून्य, डावीकडे उणे 30, उजवीकडे अधिक 30. उलटा केला की मात्र एका बोल्टभोवतीचं बेकेलाइट भाजलेल्या पापडासारखं फुगलेलं.

आठवड्यापूर्वी पन्हाळ्यावरून उतरताना डॅशबोर्डमधून धूर आला तो या बोल्टाचा. गाडी दोन महिने उभी होती, बॅटरी पार उतरलेली, ढकलून चालू केली आणि निघालो. वर्षभरापूर्वी मी हौसेनं डायनॅमो काढून 45 अँपिअरचा अल्टरनेटर बसवून घेतला होता. जुना डायनॅमो जीव काढून 20-22 अँपिअर द्यायचा. नव्यानं रिकामी बॅटरी पाहिली आणि हात सैल सोडला. ते सगळं वडिलांच्या काळातल्या त्या एका नटाखालून गेलं.

भाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. चाकणला विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करतो, दोन दिवस आजोळी आला होता. अण्णांनी उभं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये काढलेलं. दोघांना समोरासमोर बसवण्याची चूक मी केली, आणि दुपार तिथेच गेली.

"मावशी, हिशेब साधा आहे," भाचा म्हणाला. "नट सैल होता. त्या सांध्याचा रोध समज 20 मिलिओहम झाला, म्हणजे ओहमचा पन्नासावा भाग. त्यातून 30 अँपिअर गेले की 18 वॅट उष्णता. रेडिओवाल्याची छोटी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. डॅशबोर्डमागे तसलीच एक चालू ठेवून तू घाट उतरत होतीस."

"नट सैल होता," अण्णा म्हणाले. "मीटर न्हाई."

"पण नट मीटरचाच होता ना, अण्णा? आणि तो तिथे का होता? कारण गाडीतला सगळा करंट मीटरमधून जातो म्हणून. बॅटरीकडून निघालेली जाड वायर फायरवॉलमधून आत येते, मीटरच्या एका बोल्टावर बसते, दुसऱ्या बोल्टावरून परत निघते. सेल्फ सोडला तर सगळी गाडी त्या दोन बोल्टांवर. वाटेत फ्यूज नाही. तिथे वायर पत्र्याला टेकली तर पुढचं काय सांगायचं?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. चिमट्यानं मीटरची मागची कड उघडली आणि तो माझ्यापुढे धरला. "ताई, बघा की ह्यात काय हाय ते."

आत जवळजवळ काही नव्हतंच. एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत पितळेची एक पट्टी. शेजारी एक छोटा चुंबक, आणि सुईच्या आसाला चिकटलेला लोखंडाचा कपचा. चुंबक सुईला शून्यावर धरून ठेवतो. पट्टीतून करंट गेला की त्याचं चुंबकत्व तिला बाजूला ओढतं, आणि करंट उलटा झाला तर दुसऱ्या बाजूला. ना कॉइल, ना केसासारखी तार. बुलेटच्या हेडलाइटच्या टोपीवर जी इवलीशी सुई असायची तीही याच जातीची. ती इंडिकेटरबरोबर डुलायची, आणि माझ्या पिढीतल्या कित्येकांना वाटायचं की ती डुलण्यासाठीच तिथे बसवली आहे.

"ह्यात बिघडायला हाय काय?" अण्णा म्हणाले. "आणि ही नुसती कमी-जास्त दाखवत न्हाई. गाडी पळताना सुई थरथरायला लागली की समजायचं, डायनॅमोचे कार्बन झिजलेत. इंजिन बंद केलं तरी डावीकडं पडून राहिली, की डायनॅमोला बॅटरीपास्नं तोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट चिकटलेत. पळत जाऊन बॅटरीची वायर काढायची, न्हाईतर डायनॅमो भाजला. तुमच्या वडिलांना हे सगळं येत होतं. आंबा घाटातनं रात्री पावसात येताना लाइट चालू, वायपर चालू. गाडी हळू झाली की डायनॅमो काही देत न्हाई, सुई डावीकडं. मग एक गिअर खाली टाकून इंजिन फिरतं ठेवायचं. सुई बघून गाडी चालवत होते लोक."

हे मला खरंच माहीत नव्हतं. वडील उतारावर उगीच गिअर बदलतात, असं आम्हाला मागच्या सीटवर वाटायचं.

"पण आता अल्टरनेटर आहे," भाचा म्हणाला. "तो आयडलिंगलाही बऱ्यापैकी देतो. कटआउट नाही. वाचायचं होतं ते सगळं गेलं. म्हणून म्हणतो, व्होल्टमीटर लावा. दोन बारीक वायरी, एक फ्यूज, संपलं. उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, चालू गाडीत 14 च्या आसपास म्हणजे चार्जिंग ठीक. क्रायस्लरनं 1960 च्या व्हॅलिअंटवर अल्टरनेटर सरसकट द्यायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. अल्टरनेटर मोठे होत गेले तसा तो करंट डॅशबोर्डपर्यंत आणणं परवडेना. कुठे व्होल्टमीटर आला, कुठे नुसता लाल दिवा."

"व्होल्ट म्हंजे धरणात पाणी किती," अण्णा म्हणाले. "मला सुटलंय किती ते पायजे."

इथे अण्णांनी त्याला कोंडीत पकडलं असं मला वाटलं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्ट काढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. राधानगरी किती भरलं ही एक बातमी, आणि स्वयंचलित दरवाजे किती उघडले ही वेगळी. पहिली ऐकून आपण चहा पितो, दुसरी ऐकून गोठ्यातली जनावरं हलवतो. बॅटरीचंही तसंच. 14 व्होल्ट दिसत असताना तिच्यात 2 अँपिअर जात असतील किंवा 40. पन्हाळ्याच्या रस्त्यावर माझ्यासमोर व्होल्टमीटर असता तर तो ठीकच दाखवत बसला असता.

पण भाचा कोल्हापूरचा नसला तरी आजोळ इथलं. तो क्षणभर थांबून म्हणाला, "बरं. पूर आला की तुम्ही काय बघता?"

"राजाराम बंधारा."

"म्हणजे काय बघता?"

"फूट बघतो. 39 ला इशारा, 43 ला धोका."

"पंचगंगेचं सगळं पाणी कुणी मापातून मोजतं का? नाही. नदी तिच्या वाटेनं जाते, आणि बंधाऱ्यावरची पट्टी वाचली की पाणी किती आहे ते कळतं. करंटच्या वाटेत घालायचा ठरलेला बारीक रोध, म्हणजे शंट, हा असाच बंधारा. फक्त इतका ठेंगणा की करंटला तो जाणवतही नाही."

त्यानं सॅकमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली. बोटभर लांबीची, भलतीच जड. दोन पितळी ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या दोन चपट्या, मळकट रंगाच्या पट्ट्या. प्रत्येक ठोकळ्यावर एक जाड बोल्ट आणि त्याच्या आतल्या अंगाला एक बारका स्क्रू. अंगावर कोरलेलं: 50 अँपिअर, 75 मिलिव्होल्ट.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या प्रत्येकानं हे गणित सोडवलेलं असतं. गॅल्व्हनोमीटरचा ॲमीटर करा, समांतर किती रोध जोडाल? मीही सोडवलं होतं आणि गुण मिळाले की विसरले होते. एक मिलिअँपिअरला पूर्ण वळणारी सुई घेतली आणि तिच्याकडून 50 अँपिअर वाचून घ्यायचे असतील, तर पन्नास हजारांतला एक भाग तिच्याकडे आणि उरलेला सगळा शंटमधून. शंटचा रोध येतो दीड मिलिओहम. पूर्ण 50 अँपिअरला त्यात पावणेचार वॅट जातात, आणि तेही बॉनेटखाली, मोकळ्या हवेत. तो इतक्या भारावर कायमचा चालवत नाहीत, दोन-तृतीयांशाच्या आत ठेवतात. आमचा रोजचा भार त्याहून पुष्कळ कमी.

"हे मी कवाच केलंय," अण्णा म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अल्टरनेटर आले तवा लोक म्हणायचे सुई शेवटाला जाऊन आपटते. मग मी मीटरच्या दोन्ही बोल्टांवर मागनं तांब्याची जाड तार टाकायचो. अर्धं पाणी बाजूनं काढायचं. सुई निम्मी दाखवती. मालकाला सांगायचं, दिसतंय त्याच्या दुप्पट धर. ह्यालाच शंट म्हणतोस न्हवं?"

"हो, यालाच," भाचा म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "फक्त तो निम्मं दाखवत नसणार."

पुढचा अर्धा तास मला सगळ्यात आवडला. अण्णांनी खणातून तसलाच दुसरा मीटर काढला, त्यावर आपली तार चढवली. जुन्या हेडलाइटचे चार बल्ब बॅटरीला जोडले. भाच्यानं वायरीभोवती क्लॅम्पमीटर अडकवला. (घरातलं वायरिंग करणारे वापरतात तो साधा क्लॅम्पमीटर इथे चालत नाही. तो फक्त एसी वाचतो, आणि गाडीत डीसी. माझा मी मागेच घेऊन ठेवलेला होता, तो असाच निरुपयोगी निघाला.) करंट 15 अँपिअर. सुई 9 वर. अण्णांनी भुवई उंचावली, तारेचं टोक पॉलिश पेपरनं घासलं, नट पुन्हा आवळला. करंट तेवढाच. सुई 5 वर.

"दुप्पट धर म्हणून सांगायचो," अण्णा स्वतःशीच म्हणाले.

कारण उघड होतं. मीटरमधल्या पट्टीचा रोध मिलिओहमचाही काही भाग, तारेचा तेवढाच, आणि त्यांच्यामधल्या सांध्याचाही तेवढाच. कुणाकडून किती जायचं ते तांबं-पितळ ठरवत नव्हतं, नट ठरवत होता. मग भाच्यानं तोच 15 अँपिअरचा भार आपल्या शंटमधून घेतला आणि बारक्या स्क्रूंवर मल्टिमीटर लावला. 22.4 मिलिव्होल्ट. दीड मिलिओहमला 15 नं गुणलं तर साडेबावीस.

"आता नट सैल करा," तो अण्णांना म्हणाला.

अण्णांनी मोठा बोल्ट पाव आटा सैल केला. 22.4. आणखी थोडा. आकडा हलला नाही म्हणण्याइतकाच हलला. बोल्ट मात्र बोटाला गरम लागायला लागला. बारके स्क्रू मोठ्या बोल्टांच्या आत असतात ते याचसाठी. सांध्यात जे व्होल्ट मरतात ते त्यांच्या मापात येतच नाहीत. ही चार टोकांची युक्ती कागदावर मी वाचली असती तर पान उलटलं असतं. इथे अण्णांच्या अंगठ्याला चटका बसला म्हणून ती कायमची लक्षात राहिली.

"पट्टी कशाची?" अण्णांनी विचारलं.

"मँगनिन. तांबं, त्यात बारा टक्क्यांच्या आसपास मँगनीज आणि थोडं निकेल. एडवर्ड वेस्टननं 1892 च्या सुमारास काढलं. तो इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेला, मोजमापाची यंत्रं करणारा."

"तांबं का न्हाई?"

"तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे 0.39 टक्के वाढतो. सकाळी गाडी काढली तेव्हा एक आकडा, बॉनेटखाली 40 अंश वाढले की तोच करंट पंधरा-सोळा टक्के जास्त दिसणार. मँगनिनला ऊन-थंडी जवळजवळ लागतच नाही."

अण्णांनी शंट हातात घेऊन उलटसुलट केला. मला वाटलं, आता मान्य करतील. पण ज्याला हात लावून पाहिलं ते वाईट आहे असं म्हणता येत नाही, म्हणून अण्णांनी दुसरीकडून धरलं.

"हे लॅबोरेटरीचं काम. चिखलात, खड्ड्यात चालणाऱ्या गाडीला कशाला?"

"अण्णा, मी ज्या बॅटऱ्या करतो त्या प्रत्येकीत हा बसवलेला असतो. याहून बारीक, ओहमचा दहा-हजारावा भाग. 300 अँपिअर गेले तरी 30 मिलिव्होल्ट. विजेवरच्या गाडीत बॅटरी 63 टक्के असं जे दिसतं ते मुख्यतः कुठून येतं? व्होल्टवरून एवढं नेमकं कळत नाही. शंटमधून किती आलं, किती गेलं याची बेरीज क्षणाक्षणाला चालू असते. तुमची सुई जे एका नजरेत दाखवायची, ते तिथे लिहून ठेवतात."

"म्हंजे जमा आणि नावे."

"जमा आणि नावे."

मग कामाचं बोलणं झालं. शंट कुठे बसवायचा? बॅटरीच्या अर्थच्या वायरीत बसवला तर सोपं, पण मग सेल्फ मारताना शे-दोनशे अँपिअर त्यातूनच जाणार आणि सुई कोपऱ्यात आपटणार. म्हणून सेल्फच्या सोलेनॉइडवर बॅटरीची जाड वायर येते तिथून पुढे. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर आणि बाकी सगळी गाडी. अल्टरनेटरची वायर आता डॅशबोर्डपर्यंत यायची नाही, बॉनेटखालीच संपायची. शंटच्या आधी मोठा फ्यूज. बारक्या स्क्रूंवरून दोन पातळ वायरी आत मीटरकडे, आणि त्या शंटपाशीच एकेका अँपिअरच्या फ्यूजमधून, कारण त्या पातळ असल्या तरी बॅटरीलाच जोडलेल्या. त्यातली एखादी घासून पत्र्याला लागली तर जळायला तिला वेळ लागणार नाही. अण्णा म्हणाले, पाव अँपिअरचे घाल, अजून सुरक्षित. भाचा म्हणाला, नको. बारीक फ्यूजचा स्वतःचा रोध ओहमच्या घरात जातो, आणि 45 ओहमच्या कॉइलला तेवढ्यानंही आकडा कमी दिसतो. हे अण्णांनी वहीत लिहून घेतलं.

उरला मीटर. तबकडी, काच, चकतीची कड वडिलांच्या वेळचीच राहणार, आत मात्र मध्य-शून्याची कॉइलवाली सुई. म्हणजे मीटरचा चेहरा ठेवून आतडं बदलायचं. मला ते थोडं लागलं, पण जळलेल्या बोल्टाकडे पाहून मी गप्प बसले. भाच्याला तबकडीवरच्या 30 चा अर्थ 60 करायचा होता, अल्टरनेटर 45 चा आहे म्हणून.

"आकडा खोटा करायचा न्हाई," अण्णा म्हणाले.

"तुम्हीच दुप्पट धरायला सांगत होता ना?"

"तवा दुसरा इलाज नव्हता. आता हाय."

30 म्हणजे 30 ठरलं. त्याहून जास्त असेल तेव्हा सुई शेवटाला टेकून बसेल. बसू दे.

संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर बसलं. इंजिन चालू केलं, सुई उजवीकडे 14 पर्यंत गेली, हळूहळू उतरत 3 वर, मग शून्याच्या अलीकडे स्थिरावली. भाचा हात पुसत होता. अण्णांनी बॉनेटखाली वाकून काहीतरी केलं, आणि मला म्हणाले, "ताई, चार्जिंग कसं हाय बघा."

"शून्यावर. बॅटरी भरत आली असेल."

"हेडलाइट लावा. हॉर्न मारा. आता?"

"शून्यावरच."

अण्णांनी हात वर केला. बोटांत शंटवरची एक पातळ वायर होती.

"जुन्या मीटरात वायर सुटली तर गाडी बंद पडायची. लाइट न्हाई, काही न्हाई. मीटर गेला हे कुणी सांगायला लागत नव्हतं. ह्याची वायर सुटली तर गाडी चालतीय, लाइट चालतोय, आणि सुई मधे उभी. सगळं बरं असलं की जिथं उभी असती तिथंच." ते भाच्याकडे वळले. "मेलेली आणि धडधाकट, दोन्ही एकाच जागी. ह्याचं काय करतोस?"

त्या दिवशी मी भाच्याला पहिल्यांदाच निरुत्तर झालेला पाहिला. मध्य-शून्याच्या सुईचा हा दोष त्याला माहीत नव्हता असं नाही, पण त्याच्या कारखान्यात तो दुसऱ्याच कुणाच्या कामात मोडत असावा. तिथे वायर तुटली की संगणकाला कळतं. इथे संगणक म्हणजे मी.

"लाल दिवा आहे की अल्टरनेटरचा," तो शेवटी म्हणाला.

"मग सुई कशाला?"

"दिवा फक्त बंद पडलं की सांगतो. किती ते सांगत नाही."

"आणि सुई किती ते सांगती, पण बंद पडली तर सांगत न्हाई."

"इंजिन चालू करायच्या आधी हेडलाइट लावायचा," भाचा म्हणाला. "सुई डावीकडे 8 वर पडली पाहिजे. नाही पडली तर वायर बघायची."

"रोज?"

"रोज."

अण्णांनी वायर परत जोडली, स्क्रू आवळला, वर लाखेचा ठिपका दिला. मग आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. अण्णा माझ्या शेजारी, भाचा मागे फळीवर. रंकाळ्यापाशी वळताना मी इंडिकेटर लावला आणि सुई बारीकशी डुलली. नव्या कॉइलची असूनही डुलली. अण्णा पुढे वाकून तिच्याकडे बघत राहिले, वळण संपेपर्यंत.

शेडपाशी गाडी थांबवली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. अण्णा उतरले नाहीत. हात लांबवून त्यांनी हेडलाइटचं बटण ओढलं. समोरच्या पत्र्यावर उजेड पडला. सुई डावीकडे गेली. त्यांनी बटण परत आत ढकललं, आणि मग दार उघडलं.